रोज नव्या तोंडाचा कॉम्प्युटर

देवळाली कॅम्पच्या बाजारात छायाताई लग्नपत्रिका छापतात. “वहिनी, तुमचं सॉफ्टवेअर जुनाट झालंय,” म्हणत दीर सार्थकने त्यांचं डोकं खाल्लं आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर रोज नवनवे अपडेट येणारं लिनक्स टाकलं. नव्याची हौस ऐन लग्नसराईत फिटली. एका सकाळी अपडेट झालं आणि प्रिंटर कागदच ओढेना. नवरीचा बाप काउंटरला चिकटून बसलेला, आणि सार्थक म्हणतो, “नव्यात असं चालायचंच.” मेल्याला लाजसुद्धा वाटली नाही!

खंडेनवमीला छायाताईंनी दुकानातल्या हत्यारांची पूजा मांडली. कात्रीला, कटरला, अगदी गंजक्या स्टेपलरलाही हळदकुंकू लावलं.

“वहिनी, कॉम्प्युटर राहिला.”

“त्याचं तोंड रोज बदलतं,” त्या कडाडल्या. “ओळख पटल्याशिवाय मी कुंकू लावत नाही!”