फुग्यावरची गाडी

खालापूरकडचा आमचा कारखाना बंद पडला त्याला पावसाळा उलटून गेला होता. कामासाठी ज्यांना ज्यांना फोन केले, त्यांतल्या एकाचाही उलट फोन आला नाही. अशात चौथीतल्या लेकीला शाळेने फुग्याच्या हवेवर पळणारी गाडी करून आणायला सांगितली.

भिसेगावच्या घरी फरशीवर बसून मी ती जोडली. पाण्याची रिकामी बाटली, चाकांना चार झाकणं, आसांना खराट्याच्या काड्या. फुगा सोडला की गाडी डावीकडे वळायची आणि कॉटच्या पायावर आपटायची. सगळं काढून पुन्हा जोडलं, तरी तेच. कारखान्यात मोटारींची अलाइनमेंट करण्यात माझी उमर गेली, आणि इथे दोन काड्या सरळ बसेनात.

बायको म्हणाली, "जाऊ द्या हो, शाळेतलंच तर आहे." मी असा खेकसलो की ती चहा ठेवून गुपचूप आत गेली. तिला कसं सांगू, मला ती गाडी सरळ जायलाच हवी होती. तीही गेली नसती, तर मला काय येतं म्हणून लोकांना सांगणार होतो?

शेवटी डोक्यात प्रकाश पडला. खराट्याची काडी शेंड्याकडे बारीक होत जाते, आणि दोन्ही शेंडे मी एकाच बाजूला घातले होते, म्हणून त्या बाजूची चाकं ढिली पडून गाडीला ओढत होती. नुसती बुडखं कापून बसवली. गाडी सरळ दारापर्यंत गेली.

लेक धावत येऊन गळ्यात पडली. म्हणाली, "बाबा, पुढच्या प्रोजेक्टला पण तू घरीच असशील ना?"