सही झालेलं पान

आमच्या कॉलेजात एखादा प्रोग्रॅम चालला नाही तरी कुणी रागवायचं नाही, पण रेकॉर्ड पूर्ण हवं. रेकॉर्ड म्हणजे जाड वही. उजव्या पानावर पेनाने प्रोग्रॅम, डाव्या पानावर पेन्सिलने त्याचं उत्तर, खाली मॅडमची सही. सही नसली तर प्रॅक्टिकलला बसू देत नसत, आणि प्रॅक्टिकल गेलं की अरियर, म्हणजे तो विषय पुन्हा. बाबांच्या बदलीमुळे मी पुण्याहून चेन्नईत उशिरा पोचले, तोवर सहा प्रयोग होऊन गेले होते. अंबत्तूरहून येणाऱ्या एका तमिळ मुलीने न मागता तिची वही माझ्यासमोर ठेवली. मी दोन दिवसांत सगळं उतरवलं, उत्तरांसकट. तिनेही ते सीनियरच्या वहीतून उतरवलं होतं. हे मॅडमनाही माहीत असणार, पण सह्या झाल्या.

प्रॅक्टिकलला बाहेरच्या कॉलेजातून सर आले. त्यांनी माझी वही मधेच उघडली.

"हा चालवून पाहिलास?"

"येस सर," मी धडधडीत खोटं बोलले.

"मग चालव."

पाच विषयांच्या मार्कांची सरासरी काढायची होती. वहीत उत्तर होतं साठ. कॉम्प्युटरने चारच आकडे मागितले आणि चव्वेचाळीस दाखवले. मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या.

"उतरवलंय सर," मी म्हणाले.

"दहा मिनिटं देतो. चूक शोध."

तो प्रोग्रॅम मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. एक ते पाच असं लिहिलं की कॉम्प्युटर चारवरच थांबतो, हे वर्गात शिकवलेलं अखेर आठवलं. पाचाच्या जागी सहा टाकले आणि साठ आले. सर नुसते "हं" म्हणाले आणि शेजारच्या वहीत तेच पान उघडलं. ती वही त्या अंबत्तूरच्या मुलीची होती.

तिच्याही स्क्रीनवर चव्वेचाळीस आले. सर घड्याळ बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सहा बोटं दाखवली असती तरी पुरे होतं. पण सरांनी अजून माझे मार्क लिहिले नव्हते. मी मान खाली घालून की-बोर्डकडे बघत बसले. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

निकालाच्या दिवशी मी विचारण्याआधी तिचाच मेसेज आला. तिला अरियर लागला होता. तिने विचारलं होतं, "तू पास झालीस ना?"