मुठीचा जोर

नातीचं बारसं झालं, पाळण्याला बांधलेले फुगे सुरकुतले, तरी रुपरावांनी पोरीला अजून हात लावला नव्हता. नंदनवन वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत पाळणा येण्याजाण्याच्या वाटेतच होता. रुपराव तिथं थांबायचे, हात पाठीमागे धरून वाकायचे, बाळाच्या जावळाकडे बघत राहायचे आणि निघून जायचे.

बाळंतपणाला माहेरी आलेल्या शामलाला ते सलत होतं. एका दुपारी तिनं विचारलंच.

"बाबा, पोरगी झाली म्हणून तिले घेऊन नाही राहिले का तुमी? तसं असन तर सांगा. मी आपल्या घरी जातो."

रुपराव खाली बसले. दोन्ही तळवे उघडून त्यांनी लेकीसमोर धरले. मुगाच्या दाण्याएवढ्या टणक गाठींनी ते भरले होते.

"हे हात लावू तिले? सोमल हाये याच्यात."

सोमल म्हणजे आर्सेनिक. रुपरावांची अर्धी उमर त्यातच गेली. सदर भागात भैयाजींचा कारखाना होता. शिकारी मारलेलं जनावर आणून टाकत आणि रुपराव त्याच्या कातड्यात भुसा भरून ते पुन्हा उभं करत. कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण चोळायचा: साबण, चुना, कापूर आणि सोमल. भैयाजींनी रबरी हातमोजे आणून दिले होते, ते खिळ्यालाच लटकून वाळले. कारण पापणीजवळचं कातडं तासताना ते किती पातळ झालं हे डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतं. अस्वलाचा ओठ आतून किती मऊ असतो आणि घुबडाचं पीस बोटावर असूनही नसल्यासारखं कसं वाटतं, हे त्या बोटांनी वर्षानुवर्षं चाखलं होतं. आणि त्याच तळव्यावर तंबाखू-चुना मळायचा, त्याच बोटांनी दोरा ओठांत ओला करून सुईत ओवायचा.

सोबतीचा नत्थू म्हणायचा, "रुपराव, तुहा तंबाखू मले नको गा. घरचे उंदरं मारायले ने."

रुपराव हसायचे आणि चिमूट तोंडात टाकायचे.

पुढं शिकारीवर बंदी आली, कारखान्याला कुलूप लागलं. तोवर आधी पायांच्या आणि मग हातांच्या बोटांवर जाड कापड गुंडाळल्यासारखं झालं होतं. मुंग्या यायच्या. काही नसताना आग व्हायची आणि खरोखर तवा लागला तर कळायचं नाही. कारखान्याची आठवण निघाली की रुपराव वाघांबद्दल फारसं बोलत नसत. स्वतःची बोटं बघत बसत, गावाला गेलेल्या माणसाची वाट बघावी तसे.

त्यांची बायको कौसल्या स्टोव्हजवळून सगळं ऐकत होती.

"येवढ्यासाठी तोंड लपवून राहिले होते? चाला उद्या मेडिकलले. डॉक्टरलेच विचारू."

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं तळवे बघितले, नखं बघितली, कामाची चौकशी केली. रुपरावांना एकच विचारायचं होतं.

"पोरीले लागन का, साहेब?"

"नाही, बाबा. तो सोमल केव्हाच लघवीवाटे निघून गेला. राहिली ती त्यानं केलेली मोडतोड." मग तो जरा रंगात येऊन सांगू लागला. "शरीरातल्या पेशी एकमेकींना सारखे निरोप देत असतात. निरोप नेणाऱ्या पुष्कळ प्रथिनांवर गंधकाच्या कड्या असतात. सोमल नेमका त्यांनाच चिकटतो. मग पेशीत प्राणवायूचं काम बिघडतं. त्याचे विस्तवासारखे कण मोकाट सुटतात आणि लोखंडाला गंज चढावा तसं आतून खात जातात. वाढायची गरज नसताना कातडी वाढते, म्हणून या गाठी. एखादी चिघळली तर लगेच यायचं, घरी बसायचं नाही. नसांचं म्हणाल तर लांबची टोकं आधी जातात."

त्यानं बोटांना टाचणी टोचली, रुपराव शांत. दंडावर टोचली तसे ते दचकले.

"इथं शाबूत आहे," डॉक्टर म्हणाला.

"बोटं येतीन का परत?"

डॉक्टरनं टाचणी डबीत ठेवली. "इतक्या वर्षांनी फार आशा धरू नका, बाबा."

घरी आल्यावर कौसल्यानं शामलाला टाचणीचं सगळं सांगितलं. रुपरावांनी हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून मांडी घातली. शामलानं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी जावळावरून बोट फिरवलं. केस बोटाखाली दबलेले दिसले, पुन्हा उभे राहिलेले दिसले. बोटाला काहीच कळलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं, अजून सावकाश.

तेवढ्यात बाळानं त्यांचा अंगठा मुठीत धरला.

रुपराव बघत राहिले. "शामला, जोरात धरलं का वं तिनं?"

"हो बाबा. नखं पाहा ना कशी पांढरी पडली तिची."

"किती जोरात?"

आता हे सांगायचं कसं? शामलानं आपलं बोट बाळाच्या दुसऱ्या मुठीत दिलं, क्षणभर राहू दिलं. मग वडिलांची बाही वर सारली आणि दंडावर तेवढंच दाबलं.

"इतकं नाही वं," कौसल्या म्हणाली, "पोरगी हाये का पहेलवान?"

"तू गप राय," रुपराव डोळे मिटून म्हणाले. "शामला, आणखी एकडाव."