मंगलताईचा पोरफायरिया

माझ्या बहिणीला डॉक्टरांनी खोटारडी ठरवलं आणि ती गेली.

आज वर्ष झालं. वर्षभर गप्प होते. आज बोलणार आहे.

मंगलताई. मंगळवेढ्याला दिलेली. ज्वारीच्या काढणीला पुरुषांच्या पुढे निघायची. एसटीत कंडक्टर कुणा म्हातारीवर खेकसला की ही उठून त्याच्याशी भांडायची.

अशा बाईचं पोट दुखायला लागलं.

साधं नाही. पाळी जवळ आली की, उपवास घडला की, जमिनीवर लोळायची. ओकायची.

सोनोग्राफी नॉर्मल. रक्त नॉर्मल. तरी अपेंडिक्स काढलं. दुखणं तसंच.

मग सगळ्यांनी ठरवलं, हिच्या डोक्यात आहे.

सासूबाई म्हणायच्या, "कामाच्या वक्तालाच बरं पोट दुखतंय हिचं!"

बाहेरचं काही असेल म्हणून अंगारे झाले, लिंबं उतरवून झाली.

एकदा मी सोबत होते. ताईने डॉक्टरांना हळूच सांगितलं, "सायेब, दुखाया लागलं की लघवी लाल हुती."

ते हसले. "बीट खाल्लं असेल. पाणी प्या."

लिहूनसुद्धा घेतलं नाही.

गेल्या वर्षीच्या नवरात्रात घरच्यांनी तिला नुसत्या पाण्यावर उपवास धरायला लावले. देवीचा कोप आहे म्हणे.

घट उठायच्या आधीच तिला सोलापुरात आणलं. दवाखान्यात फिट आली. फिटचं औषध दिलं. ती आणखी बिघडली. पाय उचलेनात.

तिथले मोठे डॉक्टर राउंडला आले आणि तिच्या तोंडावर म्हणाले,

"पाय उचला की. तुमच्याकडे कुणी बघत नाहीये."

माझ्यासमोर म्हणाले. ताईने मान भिंतीकडे वळवली.

मी त्याच दिवशी तिला दुसरीकडे हलवलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. लघवीचं ऐकल्यावर खुर्ची पुढे ओढली. सॅम्पलची बाटली खिडकीत उन्हात ठेवायला सांगितली.

दुपारपर्यंत त्या बाटलीत जांभळाचा रस भरल्यासारखं दिसत होतं. दाजी बघतच राहिले.

तपासणी बाहेर पाठवली. पोरफायरिया निघाला.

मॅडमनी मला कागदावर काढून समजावलं. मध्ये लोह, भोवती कडं, ते हीम. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये तेच ऑक्सिजन धरतं. स्नायूत तेच. लिव्हरमध्ये औषधं पचवणाऱ्या एन्झाइममध्येही तेच.

शरीर ते टप्प्याटप्प्याने बनवतं. ताईच्या एका टप्प्यावरचं एन्झाइम जन्मापासून निम्मं. उपाशी राहिलं, चुकीचं औषध गेलं, की लिव्हर घाईने हीम बनवायला घेतं आणि अर्धवट माल साचत जातो. तो नसांना छळतो. पोट, हातपाय, मेंदू, सगळ्याच नसांना.

सोनोग्राफीत तो दिसत नाही.

म्हणजे ज्या उपवासाने ती बरी होणार होती, त्यानेच दुखणं पेटलं. फिटसाठी दिलेलं औषधही तिला चालणारं नव्हतं.

मी ताईला सांगितलं. तिचा आवाज तोपर्यंत बारीक झाला होता.

"म्हंजी मला खरंच रोग हाय?"

"हो ताई."

"लई बरं झालं."

रोग निघाला म्हणून माझी बहीण खूश झाली. काय वेळ आणली होती हो तिच्यावर!

"सासूबाईस्नी सांग," म्हणाली. "तुझ्या दाजीस्नी पण."

ग्लुकोज चालू केलं. खरं औषध म्हणजे हीमचंच इंजेक्शन. ते इथे मिळेना. येईपर्यंत छातीचे स्नायू थकले, व्हेंटिलेटर लागला.

इंजेक्शन आलं. ताई थांबली नाही.

नंतर मी रिपोर्ट घेऊन "बीट खाल्लं असेल" म्हणणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "फार रेअर आहे हो हे. कसं कळणार?"

नाही कळलं, मान्य. सगळ्यांना सगळं कळत नाही.

पण "मला कळत नाहीये" एवढं म्हणायला काय जात होतं? तेवढं म्हणाला असतात, तर आम्ही आधीच दुसरीकडे गेलो असतो. तुम्ही तिला खोटी ठरवलंत. बाई आहे, खेड्यातली आहे, रडतेय, म्हणजे नाटकच!

आणि घरच्यांनो, तुम्हीसुद्धा. मला ब्लॉक करायचं असेल तर करा.

हा आजार घराण्यात उतरतो. माझी टेस्ट निगेटिव्ह आली. ताईच्या लेकीची, प्रणालीची पॉझिटिव्ह. तिला अजून त्रास नाही.

यंदाच्या नवरात्रातली गोष्ट. भावकीतली एक काकू प्रणालीला म्हणाली, "आईच्या नावानं एक तरी उपास धर की गं."

दाजी कधी कुणाला उलटून बोलत नाहीत. त्या दिवशी ताट घेऊन उठले, पोरीसमोर ठेवलं.

"ती जेवणार. आन् तिला कोण काय बोललं, तर त्यानं परत माज्या दारात यायचं न्हाय."

प्रणाली जेवली. सगळ्यांसमोर, पोटभर.

ताई, लेकीची काळजी करू नकोस. ती आमची.

तुला माझी भावपूर्ण आदरांजली.