पंडुमाआधीचं तेल

इराणच्या सरकारनं आपल्या तेलविहिरी परदेशी कंपनीकडून काढून घेतल्या, त्या उन्हाळ्यात मी चांद्याला रॉकेलच्या एजन्सीत कारकून होतो. भांडण समुद्रापारचं; शिव्या खायला मी. कंपनी म्हणे, यंत्रं आमची. सरकार म्हणे, जमीन आमची. दोघांच्याही घरी दिवे जळत असणार. इथं बाटल्या घेऊन उभी असलेली माणसं मला विचारत, "काऊन बाबू, दडवून ठेवलं का?"

भामरागडकडच्या बैलगाड्या आमच्या आवारात येऊन अडकल्या होत्या. त्यांना पावसाळाभराचं तेल एकदम न्यावं लागे. नद्या भरल्या की वाट बंद. सोबत त्यांच्या गावचा गायता आला होता, पूजा आणि निवाडे दोन्ही पाहणारा म्हातारा. रोज सकाळी तो येऊन विचारी, "तेल कुठी अडलं?" एकदा मी वैतागून थोडक्यात तोडून टाकलं, "बाबा, ज्यांच्या भुईतून निघतं, त्यांनीच काढू नका म्हटलं. मी काय करू?"

त्याला ते लगेच पटलं. इतकं की माझीच पंचाईत झाली. त्यांच्याकडे नव्या आंब्याचा पंडुम, म्हणजे सण, झाल्याशिवाय कोणी आंबा तोंडाला लावत नाही. "त्याईचा पंडुम व्हाचा असन," तो गाडीवानांना म्हणाला, आणि सगळे निवांत तंबाखू मळत बसले.

शेवटी जुन्या साठ्यातले थोडे डबे रेल्वेनं आले. आभाळ भरून यायला लागलं होतं. एजन्सीच्या शेठजींची मनधरणी करून मी भामरागडचा वाटा आधी काढला आणि म्हटलं, भरा लवकर. गायता हलेना.

"पंडुमाआधी तोडलेलं हाय हे. नाई नेत."

"बाबा, हे जुनं तेल आहे! भांडणाच्या आधीचं!"

"काढतानी तू पाह्यलं का?"

मी तेलाची विहीर चित्रातसुद्धा पाहिली नव्हती. मागून शेठजी खेकसले, "सांगून दे ना त्याले, झाला पंडुम! तार आली म्हण!"

खोटं अगदी तोंडाशी आलं होतं. तेल गेलं नाही तर ती गावं सगळा पावसाळा सापाविंचवांत, अंधारात काढणार, हे मला कळत होतं. तरी जीभ उचलेना. तो खरेपणा होता की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"नाही पाहिलं," मी म्हणालो.

म्हातारा गाडीवानांशी त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलला. मग त्यानं एक डबा फोडायला लावला आणि बाटलीभर तेल आवारातल्या मातीत ओतलं. "ज्याईची भुई, त्याईचा वाटा. आता भरा."

फाटकाबाहेरच्या रांगेत एकच गिल्ला झाला. "अबे, मातीले पाजून राह्यले अन् आमाले नाई म्हणते!" एका बाईनं रिकामी बाटली माझ्यापुढे नाचवली. "मातीच्या घरी लगीन हाय का, बाबू?"

गाड्या वेळेत निघाल्या. उरलेले डबे संपले तेव्हा अर्धी रांग तशीच उभी होती, आणि ती बाई तिच्यात होती. मी तिला इराण, कंपनी, सरकार, सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला लागलो.

"मले नोको सांगू," ती म्हणाली. "त्या बुढ्याले सांगतलं तेवढंच पुरे झालं."