दीड तारा

महाडच्या स्टँडवर तो पेपर विकतो. शुक्रवारी सिनेमांची परीक्षणं आली की गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवतो आणि पानावर टिचकी मारतो. "लोकांनी वर्षभर राबायचं, नि यांनी दोन ओळीत निकाल लावायचा!" त्याने स्वतः सिनेमा पाहिलेला असतोच असं नाही. रागवायला त्याला तेवढं लागत नाही.

मागे वरंधजवळ एका सिनेमाचं शूटिंग झालं, ते बघायला मात्र तो गेला होता. दरडीच्या प्रसंगात गावातल्याच एका म्हातारीला उभं केलं होतं. तिचा मुलगा खरोखरच दरडीखाली गेलेला. कुणी सांगायच्या आधीच ती हंबरडा फोडून रडली.

परीक्षणात छापून आलं, "म्हातारीचं रडणं बेगडी. दीड तारा."

त्या सकाळी मी पेपर घ्यायला गेलो, तेव्हा तो खाली बसून प्रत्येक अंकातली ती ओळ पेनाने खोडत होता.

"मला न खोडलेला दे," एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं.

"तसा नाय. नको असंल तर दुसरीकडं बघा."

तो गृहस्थ तणतणत गेला. मी म्हटलं, "अरे, असं किती अंक खोडशील?"

"सिनेमा वाईट हाय म्हणा, माझं काय नाय. पण बेगडी?" त्याचा आवाज चढला. "वरंधच्या गाडीत ह्येच अंक जातात. म्हातारीला तिची नात पेपर वाचून दाखवते."

गाडी फलाटाला लागली होती. मी खिशातलं पेन काढलं आणि अर्धा गठ्ठा माझ्याकडे ओढला.