दादाचं लिव्हर आणि आमचं गॅरेज

गॅरेजात किस्से कोणी गोळा करत नाही. सांडलेल्या ऑइलसारखे ते साचत राहतात आणि एक दिवस आपलाच पाय घसरतो. केनवडच्या आमच्या ट्रॅक्टर गॅरेजातले किस्से दादा सांगायचा. दोन महिन्यांपूर्वी तो लिव्हरच्या कॅन्सरने गेला. आता मी सांगतो. तुम्हाला हसू आलं तर हसा, मला राग येतो.

*

तेरवीच्या पंगतीत एकाने विचारलं, "किती पेत होता बे तुहा भाऊ?"

दादाने जन्मात दारूला हात लावला नाही. मी वाढायची पळीच उगारली! शेजारच्या वेल्डर सलीमभाईने मला मागे ओढलं. आणि दारूचा वास विचारणाऱ्याच्याच तोंडाला येत होता!

*

खरं कारण कावीळ. काही वर्षांपूर्वी रक्तदानाला गेला, तेव्हा रक्तात 'बी' प्रकारची कावीळ, हिपॅटायटिस बी, निघाली. डॉक्टरला दाखवा, असं बजावलं होतं. आमचे पांडूकाका त्याला कुठे घेऊन गेले? कावीळ उतरवायची माळ घालायला! डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत कमरेपर्यंत उतरली. काका ओरडले, "उतरली कावीळ!"

दादा म्हणाला, "काका, माळ उतरली. कावीळ कुठी गेली?"

ती लिव्हरमध्येच बसून होती.

*

पुढे एका आषाढात वाशिमच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं. "लिव्हर वर्षानुवर्षं सुजत राहिलं, पुन्हा भरून येत राहिलं, आता कडक झालंय. गाठी आहेत. एका गाठीतल्या पेशी बदलू लागल्यात. अजून कॅन्सर नाही. गोळी रोज घ्या, सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका."

दादाने एसटीतूनच फोन केला. काकांनी गॅरेजात पेढे वाटले. "कॅन्सर नाही!" पहिल्या पेढ्याबरोबरच 'अजून' गिळलं गेलं.

मी दोन पेढे खाल्ले.

*

सलीमभाईने विचारलं, "पर हुआ क्या है, उस्ताद?"

दादा म्हणाला, "एकाच रेडिएटरले झाळून झाळून पन्नास डाग देले, त काय राह्यते?"

"डागच राह्यते. पानी थंडा नहीं होता."

"तसंच झालं माहं लिव्हर."

"मंग नवीन टाकू, उस्ताद!"

"स्पेअर पार्ट भेटत असते, त पह्यले तुहं डोस्कं बदललं असतं!"

*

त्या दसऱ्याला मी कोणाला न विचारता गॅरेजच्या भिंतीला पिवळा रंग मारला. कोणाच्या ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदलायचं, ते दादा त्या भिंतीवर मार्करने लिहायचा. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे बारक्या. सगळ्यायचं पाठ आहे मले."

खरंच, एकाही शेतकऱ्याला फोन करायला तो चुकला नाही!

*

पुढच्या पावसाळ्यात पोट दुखायला लागलं, तेव्हा पुन्हा वाशिमला गेलो. त्या गाठीचा कॅन्सर झाला होता, पसरलाही होता. डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांनी या म्हटलं होतं ना?"

मी टेबलावर हात आपटला. "मंग फोन कायले नाही केला?"

दादाने माझी मान धरून मला बाहेर आणलं. "ते काय आपलं गॅरेज आहे का बे?"

*

परवा एक म्हातारे शेतकरी आले. "यंदा दादाचा फोन नाही आला. भिंतीवर पाह्य बरं माही तारीख."

भिंतीवर आता काही नाही, म्हटलं. ऐकेनात. मीही चिडलो, पत्र्याची पट्टी घेतली आणि रंग खरवडायला लागलो. त्यांचं नाव निघालं. त्याच्या खाली, दादाच्या अक्षरात, आणखी एक ओळ निघाली.

"माहं लिव्हर – संक्रांत."

म्हाताऱ्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. ते मागून म्हणाले, "काय लिवलं हाये रे? तारीख निंघून गेली का?"